कोकणात फिरताना आपला पैसा बाईच्या हातात पडावा म्हणून

प्रश्न असा आहे: "मे महिन्यात आम्ही आठ जण, म्हणजे दोन जोडपी, एक आजी आणि तीन मुलं, पाच दिवस मालवण-वेंगुर्ला भागात जाणार आहोत. मोठ्या रिसॉर्टला पैसे देण्यापेक्षा तिथल्या बायकांनी उभ्या केलेल्या व्यवसायांना द्यावेत असं वाटतं. पण व्यवसाय खरोखर बाईचा आहे हे ओळखायचं कसं? घासाघीस करावी की नाही? परत आल्यावरही काही करता येतं का?"

मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं बचत गटांबरोबर काम करते. घरगुती निवास, जेवणाची सोय आणि कोकम-आंबा-फणसाची प्रक्रिया हा माझा रोजचा विषय. त्यामुळे जे सांगते ते इथल्या अनुभवातून सांगते.

दोन गोष्टी बघा. भाव कोण ठरवतं आणि पैसे कोणाच्या हातात जातात. बाकी सगळं त्यानंतर.

पाटीवरून काहीच कळत नाही. बाईचं नाव लावलेली खानावळ पुरुष चालवत असतो, कारण "घरगुती" आणि "काकूंच्या हातचं" म्हटलं की गिऱ्हाईक येतं. उलट जिथे पाटीवर घराण्याचं किंवा देवाचं नाव आहे, तिथे खोल्यांच्या चादरींपासून हिशेबाच्या वहीपर्यंत सगळं एकटी बाई बघत असते. तिचं नाव पाटीवर नसण्याचं कारण बहुधा कागदात असतं. कोकणातली घरं आणि जमिनी सामायिक. सातबारा काढला तर पणजोबांपासूनच्या वारसांची रांग निघते, त्यातले निम्मे मुंबईला, काही जणांचा पत्ताच नाही. नोंदणीला किंवा कर्जाला घराची कागदपत्रं लागतात, सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि लग्न होऊन त्या घरात आलेल्या सुनेचं नाव त्या उताऱ्यावर शोधून सापडत नाही. व्यवसाय तिचा, घर दुसऱ्यांचं. म्हणून "मालकी कोणाची" हा प्रश्न तुम्ही कागदावर सोडवायला गेलात, तर ज्या बाईला तुमची सगळ्यात जास्त गरज आहे तीच यादीतून बाहेर पडेल.

शासनाचं धोरण आहे, तेही सांगून ठेवते. महाराष्ट्र पर्यटन विभागाने 2023 मध्ये महिलांसाठी "आई" नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात महिला उद्योजकाने पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर 12 टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो. अट अशी की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तिनेच चालवलेला हवा. अट रास्त आहे, नाहीतर बायकोच्या नावावर कर्ज काढणारे पुरुषच पुढे आले असते. पण कर्जाच्या रांगेत उभं राहायलाही आधी कागद लागतात, आणि बऱ्याच जणी तिथेच अडतात. त्यामुळे कोणी "आई"खाली नोंदलेली असेल तर उत्तम, नसेल तर त्यावरून तिच्याबद्दल मत बनवू नका.

मग ओळखायचं कसं? निघण्याआधी फोन करा आणि जेवणाबद्दल विचारा. खोलीबद्दल कोणीही उत्तर देतं, जेवणाबद्दल जो माणूस काम करतो तोच नेमकं सांगू शकतो. "आठ जणांना रात्री काय मिळेल, त्यातली आजी मासे खात नाही" असं विचारल्यावर पलीकडून जर लगेच "आजींना काळ्या वाटाण्याची उसळ नि आंबोळ्या देते, मुलांना तिखट कमी करते, पण बांगडा मिळाला तर बांगडा, सुरमईचं आधी कबूल करत नाही" असं आलं, तर तुम्ही योग्य ठिकाणी फोन केलाय. तीच बाई पुढे भावही स्वतः सांगते. जिथे फोन उचलणारा पुरुष "सगळं मिळेल, या तुम्ही" एवढंच म्हणतो, तिथे स्वयंपाकघरात कोण आहे आणि तिला महिन्याकाठी काय मिळतं हे कळायला मार्ग नसतो.

पैसे देताना क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर खातेदाराचं नाव दिसतं. ते एकदा वाचा. बचत गट असेल तर गटाचं नाव येईल. ते पैसे गटाच्या खात्यात जातात आणि कोण किती दिवस कामावर होती त्यानुसार वाटले जातात. बाईचं स्वतःचं नाव आलं तर प्रश्नच मिटला. मुलाचं किंवा नवऱ्याचं नाव आलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पुष्कळ ठिकाणी स्मार्टफोन घरात एकच असतो आणि तो मुलाकडे असतो. तिथे एवढंच विचारा, "ताई, ऑनलाइन देऊ की तुमच्याकडे रोख देऊ?" ती "रोखच द्या" म्हणाली तर रोख द्या. त्यामागचं कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. खिशात थोडी रोकड ठेवूनच कोकणात या, नेटवर्कचाही भरवसा नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण शहरातून येणारी मंडळी कधीकधी फार कडक कसोटी लावतात. नवरा पहाटे बंदरावर जाऊन मासळी आणतो, दीर गाडी चालवतो, सासरे नारळ पाडून देतात आणि बाई बाकीचा कारभार बघते, असं घर असेल तर तो तिचा व्यवसाय नाही असं मुळीच नाही. कोकणात असाच व्यवसाय चालतो. याउलट काजूच्या कारखान्यात सोलायला आणि प्रतवारीला सगळ्या बायका दिसतील, पण बहुतेक कारखान्यांत त्या रोजंदारीवर आहेत. तिथून काजू घेऊ नका असं मी म्हणत नाही, त्यांच्या चुली त्यावर पेटतात. फक्त त्याला महिलांचा उद्योग म्हणू नका.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते: आगाऊ रक्कम.

आधी एक जुनी गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून गेलेले हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत. महिन्याचा पगार झाला की पैसे मिळत, तोवर तांदूळ, डाळ, तेल सगळं वाण्याकडून उधार. त्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर त्या बायका पिचून गेल्या होत्या. गोव्यात जन्मलेल्या, गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांसाठी. त्यांनी खानावळवाल्यांचे गट केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांना स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती, गिऱ्हाईकही होतं. हातात खेळतं भांडवल तेवढं नव्हतं.

आज माझ्या गावातल्या बाईची अडचण हीच आहे. तुम्ही आठ जण येणार म्हणजे तिला सकाळी मासळी घ्यायची आहे, नारळ, तेल, गॅस, दूध आणायचं आहे, उशांचे अभ्रे धुऊन ठेवायचे आहेत, मदतीला शेजारची बाई बोलवायची आहे. हे सगळे पैसे तुम्ही पोचण्याआधी जातात. तुम्ही निघताना, पाचव्या दिवशी, बिल देता. मधले पाच दिवस ती वाण्याच्या वहीवर काढते. म्हणून बुकिंग करतानाच निम्मी रक्कम तिला थेट पाठवा आणि "जेवणाच्या सामानासाठी" असं सांगून पाठवा. तुमच्यासाठी हा मागेपुढे करण्याचा प्रश्न आहे, तिच्यासाठी उधारी न करण्याचा.

आणि बेत रद्द झाला तर? होतो, माणूस आजारी पडतो, रेल्वेचं तिकीट मिळत नाही. दोन दिवस आधी कळवलं तर तिचं फारसं नुकसान नाही. पण सकाळी दहाला "आम्ही आज गोव्यातच राहतोय" असा फोन आला, तर तोवर बाजार झालेला असतो. मासळी रात्रीपर्यंत थांबत नाही. अशा वेळी त्या जेवणाचे पैसे द्या, तिने मागितले नाहीत तरी. ती मागणारच नाही, पाहुण्याकडे असे पैसे मागायचं तिच्या जिभेवर येत नाही. हे नुकसान सोसून गप्प बसलेल्या बायका मी फार बघितल्या आहेत.

बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळांवरून आलात तर तिच्या हाती येणारी रक्कम कमिशन वजा होऊन येते, आणि ती बऱ्याचदा उशिरा येते. घर तिथे सापडलं असेल तरी चालेल. पुढच्या खेपेला मात्र थेट फोन करा. गाडीवाल्याने सुचवलेल्या ठिकाणीही तीच गोष्ट. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल त्याला काहीतरी मिळतं, ते तुमच्या बिलातून किंवा तिच्या कमाईतून जातं. ठिकाण स्वतः ठरवून गाडीत बसा.

घासाघिशीचं विचारलंत. जेवणाच्या दरात करू नका. का ते आकड्यांत सांगते. समजा तिने ताटाला 250 रुपये सांगितले आणि तुम्ही "आम्ही आठ जण आहोत, 200 करा" म्हणालात. ती हो म्हणते, मे महिना संपत आलेला असतो. तुमचे आठ ताटांमागे 400 रुपये वाचले. आता हे 400 कुठून कमी झाले? लिलावात मासळी तिला स्वस्त मिळत नाही, सिलेंडरवाला कमी घेत नाही, नारळाचा भाव तिच्या हातात नाही. ते तिच्या स्वतःच्या मेहनतान्यातून गेले. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची दिवसाची मजुरी 312 रुपये होती. म्हणजे एका जेवणातल्या घासाघिशीत एका बाईच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा जास्त रक्कम गेली. खोलीचं भाडं, चार रात्री राहिल्यावर थोडी सूट, एवढं बोलायला हरकत नाही. तिथे रिकामी खोली आणि भरलेली खोली यांत तिचा खर्च फार बदलत नाही.

मेहनत म्हणजे काय ते शिरवाळ्यांवरून, म्हणजे नारळाच्या गोड रसात खायच्या तांदळाच्या शेवयांवरून, बघा. मालवणी घरात पाहुण्याला शिरवाळे करतात तेव्हा तांदूळ आधी धुऊन सावलीत सुकवून दळलेला असतो. आधणात मीठ घालून पिठाची उकड काढायची, हात भाजत असताना ती मळायची, गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. ते वर आले की एकेक गोळा काढून गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबायचा, थंड झाला की दाबला जात नाही. एकीने शेवगा धरायचा, दुसरीने जोर लावायचा, म्हणून हे काम एकटीचं नाही. तोवर नारळ खोवून, वाटून, पिळून रस निघालेला हवा. पहिला दाट रस वेगळा, दुसरा वेगळा. त्यात गूळ आणि वेलची. आठ जणांना पुरतील एवढ्या शिरवाळ्यांसाठी दोन बायकांची अख्खी सकाळ जाते. आणि आपण जेवायला बसल्यावर म्हणतो, "अजून काय आहे?"

त्यामुळे असं काही खायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. इथल्या बायका पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, फार तर "आदी सांगूक व्हया", म्हणजे आधी सांगायला हवं, एवढंच म्हणतील आणि उन्हात नारळ सोलायला बसतील. उकडीचे मोदक, खापरोळ्या, फणसाची भाजी, धोंडस, सगळ्याला हाच नियम. आणि त्याचे वेगळे पैसे विचारून द्या.

वेंगुर्ल्याला जाताय, तर मांडवी खाडीतली कांदळवन सफर, म्हणजे खारफुटीच्या जंगलातली फेरी, चुकवू नका. स्वामिनी या महिला बचत गटाने ती 2017 मध्ये सुरू केली, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि राज्याच्या कांदळवन कक्षाच्या पाठबळावर. मासेमार घरांतल्या बायका तुम्हाला होडीतून खाडीत नेतात, स्वतः वल्हवतात, आणि तिवर कोणता, चिपी कोणती, कांदळवनातली मुळं अशी वर का येतात ते दाखवतात. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केलं, ती तिथे मुलांना नक्की दाखवायला सांगा. भाव, वेळ, फेऱ्या सगळं बायकाच ठरवतात. मला या कामाचं विशेष वाटतं, कारण होडी आणि वल्हं ही पुरुषांची समजली जाणारी गोष्ट आहे आणि त्यांनी ती घेतली. सफर भरती-ओहोटीवर चालते, म्हणून एक दिवस आधी फोन करून वेळ विचारा आणि त्या वेळेला जा. "आम्ही जेवून चारला येतो, थांबा" असं म्हणून पाणी थांबत नाही. लाइफ जॅकेट देतील ते आजींसकट सगळ्यांनी घाला, त्यावरून त्यांच्याशी वाद घालू नका.

मासळीबाजारात जाणार असाल तर एक माहीत असू द्या. मासे विकणारी आणि मासे कापून देणारी बऱ्याच बाजारांत वेगवेगळ्या असतात. विकणारीशी भाव करण्याची पद्धत आहे, तिथे थोडं वरखाली होतंच, तीही त्यात तरबेज असते. कापून देणारीचे पैसे मात्र वेगळे आणि थोडेच असतात, त्यात काटछाट करू नका. नुसते फोटो काढायला बाजारात घुसू नका. काढायचेच असतील तर विचारा, आणि त्या कामात असतील तर नाहीच काढायचे.

घरगुती निवासात वागण्याबद्दलही लिहिते, कारण बायका हा धंदा बंद करतात तो बहुतेक वेळा पाहुण्यांच्या वागण्यामुळे करतात, तोट्यामुळे कमीच. दारूची सोय विचारू नका, आणि स्वतःची आणून तिच्या पडवीत बैठक मांडू नका. तिच्या घरात वयात आलेली मुलगी आहे, सासू आहे, वाडीत शेजारी आहेत. एका रात्रीच्या गोंधळानंतर "तुमच्याकडे कसली माणसं येतात" हे तिला वर्षभर ऐकावं लागतं आणि घरातला पुरुष म्हणतो, बंद कर हे. रात्री अकराला पोचून जेवण मागू नका, उशीर होणार असेल तर कळवा आणि साधा डाळभात चालेल म्हणून सांगा. सोमवारी किंवा संकष्टीला घरात मासे शिजत नसतील तर त्या दिवशी आग्रह धरू नका. त्या दिवशीची कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी तुमच्या मुलांना कदाचित माशांपेक्षा जास्त आवडेल. आणि उरलेलं अन्न बघून बिल कमी करायला सांगू नका. हे सगळं घडतं म्हणून सांगते.

मे महिन्याबद्दल थोडं. मे महिन्यात तुम्ही आला नाहीत तरी तिच्या खोल्या भरतात. तिला माणसं लागतात ती जूनपासून. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, समुद्रातले खेळ बंद असतात, आणि गावात येणारा पैसा आटतो. त्या दिवसांत आलात तर भाव उतरलेले असतात, पण खरं सांगायचं तर तेव्हाच ते उतरवायला लावू नयेत. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या, अळूचं फतफतं, पावसातली शेतं, हे बघायला-खायला फार थोडे लोक येतात. तुमचा मेचा बेत ठरला आहे तर तो बदलू नका, पण जुलैतल्या एखाद्या शनिवार-रविवारची नोंदणी याच खेपेला करून जा. गणपतीत मात्र येऊ नका, निदान राहायला नको. चाकरमानी घरी आलेले असतात आणि ती बाई आधीच पंचवीस माणसांचं रांधत असते.

खरेदीकडे वळते. आमसूल, आगळ, कुळीथ पीठ, मालवणी मसाला, आंबापोळी, फणसपोळी हे सगळं हमरस्त्यावरच्या दुकानांतही मिळतं आणि बायकांच्या घरीही. दुकानातल्या पाकिटावर बारीक अक्षरं वाचा. "विपणन" करणाऱ्याचं नाव शहरातलं असेल आणि उत्पादकाचं नावच नसेल, तर ती वस्तू बाईने केली असली तरी तिला मिळाली फक्त किलोमागची मजुरी. गटाचं नाव, गावाचं नाव, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक, हे असलं की बरं.

आगळ कसं ओळखायचं तेही सांगते, कारण फसवणूक त्यातच जास्त आहे. एप्रिल-मेमध्ये रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. ते फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, सालं मिठात घालायची, रोज हलवायची, काही दिवसांनी सुटलेला रस गाळून बाटलीत भरायचा, ते आगळ. त्यात पाणी नाही, साखर नाही, रंग नाही. ते गडद, जवळजवळ काळसर लाल दिसतं आणि खारट-आंबट लागतं. एक चमचा नारळाच्या रसात घातलात की सोलकढीला फिका गुलाबी रंग येतो. बाटलीत जर सरबताच्या दुकानासारखा झगझगीत लाल रंग दिसला तर हात लावू नका. आमसुलासाठी तीच सालं रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल चांगलं, मऊ आणि आंबट. स्वस्त आमसूल कोरडं आणि फिकं असतं, कारण पुटं कमी दिलेली असतात. पहिला पाऊस लवकर आला तर झाडावरची फळं खराब होतात आणि वर्षाचं उत्पन्न जातं. म्हणून बाई जो भाव सांगते त्यात त्या पावसाची जोखीमही असते.

परत आल्यावर काय करता येईल? तीन कामं आहेत. एक, इंटरनेटवर अभिप्राय लिहा, मराठीत लिहा आणि नेमका लिहा. "छान होतं, पाच तारे" याचा उपयोग कमी. "आजींना मऊ भात वेगळा करून दिला, मुलांचं तिखट कमी केलं, खोली साध्या पंख्याची आहे, एसी नाही, संडास-बाथरूम स्वच्छ" असं लिहिलंत की पुढचा पाहुणा योग्य अपेक्षा घेऊन येतो आणि तिच्याशी भांडत नाही. एसी नसल्याची तक्रार घेऊन आलेल्या पाहुण्याने तिचा आठवडा खराब होतो. तिचं नाव, फोटो किंवा वैयक्तिक नंबर टाकण्याआधी तिला विचारा. काही जणींना नको असतं.

काही चुकलं असेल, जेवण उशिरा झालं, चादर ओली होती, तर ते निघण्याआधी तिला तोंडावर सांगा. ऐकून घेतात आणि पुढच्या पाहुण्याला ते होत नाही. घरी पोचून एक तारा देण्यात तिला सुधारायची संधीच मिळत नाही. पण खोटं कौतुकही करू नका. "महिला आहे म्हणून" चालवून घेतलेलं तिच्या लक्षात येतं आणि ते तिला आवडत नाही.

दुसरं, मुंबईत राहत असाल तर महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जा. ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे "उमेद", ते भरवतं, राज्यभरातले बचत गट येतात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे स्टॉल असतात. तिथे नुसतं जेवून येऊ नका. गटाचा नंबर घ्या, गाव विचारा, राहायची सोय आहे का विचारा. स्टॉलवरच्या ओळखीवर पुढची सहल ठरवणारी माणसं मला माहीत आहेत, आणि असे पाहुणे बायकांना सगळ्यात आवडतात.

तिसरं, आणि हे मी आग्रहाने सांगते, वर्षाची मागणी एकदाच नोंदवा. मसाला मार्च ते मेच्या उन्हात होतो, आमसूल मेमध्ये. शेजारच्या दोन-तीन घरांची मिळून यादी करा, किती किलो आमसूल, किती बाटल्या आगळ, किती मसाला, आणि फेब्रुवारीत तिला कळवा. निम्मे पैसे तेव्हाच पाठवा. त्या पैशांत ती मिरची आणि रतांबे भाव चढण्याआधी घेऊ शकते. माल एसटीच्या पार्सलने किंवा टपालाने येतो, आगळाच्या बाटल्या काचेच्या मागू नका, फुटतात. या खेपेला मेमध्ये तुम्ही जातच आहात, तर ज्या घरी राहाल तिथे वाळत घातलेली सालं अंगणात दिसतीलच. किती उरली आहेत विचारा आणि पाऊस यायच्या आत जेवढी घरी लागतील तेवढ्यांची नोंद तिच्या वहीत करून निघा.